सममिती ओळखताना या चुका टाळा

अमळनेर परिसरातल्या मुलांची शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घेताना मी दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारते: आयताचा कर्ण हा त्याचा सममिती अक्ष असतो का? बहुतेक मुले ठामपणे 'हो' म्हणतात, आणि कर्णामुळे आयताचे दोन समान भाग होतात हे कारणही त्यांच्याकडे तयार असते. भाग समान होतात हे खरेच आहे, ते दोन्ही त्रिकोण एकरूप असतात. परंतु परावर्तन सममितीसाठी तेवढे पुरत नाही, कारण त्या रेषेवर घडी घातली असता एक भाग दुसऱ्यावर तंतोतंत बसावा लागतो. 8 सेंमी लांब आणि 6 सेंमी रुंद असा कागद कापून कर्णावर दुमडावा. समोरासमोरचे दोन कोपरे एकमेकांवर येत नाहीत; त्यांच्यात 2.8 सेंमी अंतर राहते. हे अंतर मुलांनाच पट्टीने मोजू द्यावे, म्हणजे ते त्यांच्या लक्षात राहते. वरच्या वर्गातल्या मुलांना ते गणितानेही काढता येईल: कर्ण 10 सेंमी असतो, आणि दोन्ही कोपऱ्यांचे लंबपाद (कोपऱ्यातून कर्णावर टाकलेला लंब जिथे मिळतो ते बिंदू) त्याच्या एकाच टोकापासून 3.6 सेंमी आणि 6.4 सेंमी अंतरावर पडतात.

समांतरभुज चौकोनाच्या बाबतीत हीच चूक अधिक खोलवर रुजलेली आढळते. त्याचे कर्णाने झालेले दोन भाग दुमडून जुळत नाहीत, मात्र आकृती 180 अंशांतून फिरवली की एक भाग दुसऱ्याच्या जागी अचूक येतो. म्हणून सर्वसाधारण समांतरभुज चौकोनाला एकही सममिती अक्ष नसतो, पण घूर्णन सममिती असते आणि तिचा क्रम, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात आकृती जितक्या वेळा स्वतःशी जुळते ती संख्या, 2 असतो.

याच्या उलट दिशेची चूक म्हणजे फिरवल्यावर जुळणारी प्रत्येक आकृती आरशातही जुळेल असे गृहीत धरणे. उंबऱ्यापुढे रांगोळीने काढलेले स्वस्तिक दर 90 अंशांनी स्वतःशी जुळते, तरीही त्याला एकही अक्ष नाही. आरशात त्याच्या भुजा विरुद्ध दिशेला वळलेल्या दिसतात. आपल्याकडे याहून सुंदर उदाहरण शेतातच मिळते. पोळ्याच्या सुमारास कपाशीचे फूल वरून पाहावे. त्याच्या पाच पाकळ्यांपैकी प्रत्येकीची एक कड शेजारच्या पाकळीवर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीखाली गेलेली असते, त्यामुळे फुलाला भिंगरीसारखा पीळ येतो. 72 अंशांतून फिरवले तर ते जवळजवळ जसेच्या तसे दिसते, परंतु आरशात पिळाची दिशा उलटते. पाच पाकळ्या मोजून पाच अक्ष लिहिणारा विद्यार्थी पाकळ्यांच्या या गुंफणीकडे दुर्लक्ष करतो. जास्वंद आणि भेंडी कपाशीच्याच कुळातली असल्याने ज्यांच्याकडे शेत नाही, त्यांना परसातल्या फुलावरही हे तपासता येते.

क्रम मोजताना मुले सुरुवातीची स्थिती आणि पूर्ण फेरा झाल्यानंतरची स्थिती अशा दोन्ही धरतात, आणि चौरसाचा क्रम 4 ऐवजी 5 येतो. यावर उपाय असा, की ट्रेसिंग पेपरवर आकृती उतरवून एका कोपऱ्यावर खूण करावी, मध्यबिंदूवर टाचणी रोवून कागद सावकाश फिरवावा आणि आकृती जुळेल तेव्हाच मोजावे. सुरुवातीची स्थिती मोजू नये, 360 अंशांची मोजावी. टाचणी मध्यातच हवी. समभुज त्रिकोणात ती तिन्ही मध्यगांच्या छेदनबिंदूवर येते, आणि तिथून थोडी जरी सरकली तरी 120 अंशांवर आकृती जुळत नाही. पूर्ण फेऱ्यानंतर तर प्रत्येक आकृती जुळते, म्हणून ज्या आकृतीचा क्रम 1 आहे तिला घूर्णन सममिती आहे असे म्हणत नाहीत.

उत्तर पडताळण्यासाठी एक नियम माझ्या फार उपयोगी पडला आहे: वर्तुळ वगळता शाळेत येणाऱ्या कोणत्याही बंदिस्त आकृतीच्या अक्षांची संख्या एक तर शून्य असते, नाहीतर तिच्या घूर्णन क्रमाइतकीच असते. चौरसाला 4 अक्ष आणि क्रम 4, आयत व समभुज चौकोन यांना 2 अक्ष आणि क्रम 2, समद्विभुज त्रिकोणाला 1 अक्ष आणि क्रम 1. त्यामुळे आयताला 4 अक्ष आणि क्रम 2 असे उत्तर वहीत दिसले, तर आकृती न पाहताही ते चूक आहे हे सांगता येते.

तिरप्या अक्षातले परावर्तन काढताना मुले चौकटीच्या कागदावर चौकोन आडवे मोजतात, आणि प्रतिमा भलतीकडे जाते. अंतर नेहमी अक्षाला लंब दिशेनेच मोजायचे असते. अक्ष 45 अंशांचा असेल तर चौकोनांच्या कर्णांवरून मोजावे, किंवा अक्ष उभा दिसेल असा कागदच फिरवून घ्यावा. आरशातील प्रतिमेत डावे-उजवे बदलते, पाण्यातील प्रतिबिंबात वर-खाली. प्रश्नात यांपैकी काय विचारले आहे ते दोनदा वाचावे.

शेवटची चूक बाह्यरेषेवरच थांबण्याची आहे. राष्ट्रध्वज हा आयत आहे म्हणून त्याला 2 अक्ष आणि क्रम 2, असे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे. रंग विचारात घेतले तर आडवा अक्ष उरत नाही, कारण केशरी पट्टा हिरव्यावर येतो, आणि 180 अंशांतून फिरवल्यास हिरवा पट्टा वर जातो. उरतो तो मधला उभा अक्ष. अशोकचक्राला मात्र 24 आरे असल्याने केवळ चक्राचा विचार केला, तर ते दर 15 अंशांनी स्वतःशी जुळते.