मन रमवायला निघालात? आधी या चुका टाळा

नाशिककरांना निवांतपणासाठी लांब जावं लागत नाही, असं पाहुणे हेव्याने म्हणतात. गंगाघाट आहे (इथे गोदावरीलाच गंगा म्हणतात), सोमेश्वर आहे, वर डिसेंबरची थंडी. तरीही सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर एक चक्कर मारून पाहा. कोणी चालता चालता फोनवर प्लॉटचा सौदा पक्का करतोय, कोणी दर वळणावर मनगटावरचा आकडा तपासतोय. माझ्या मते दुखणं एकच आहे: विरंगुळ्याकडूनही आपण हिशोब मागतो. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

दहा हजार पावलांचा धाक

रोज दहा हजार पावलं चालायची, हा आकडा कुठल्या वैद्यकीय नियमातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच 'दहा हजार पावलं' होती. आकडा लक्षात राहायला सोपा, म्हणून जगभर टिकला. व्यायाम म्हणून पावलं जरूर मोजा. पण चालून आल्यावर चिडचिड वाढत असेल, तर निदान एक फेरी घड्याळ खिशात टाकून मारा. त्या फेरीत एवढंच करायचं: पाऊल कसं टेकतंय आणि कानावर काय येतंय, याकडे लक्ष. मन भरकटलं की पुन्हा पावलांवर.

गंगेवर फिरायला जाणार असाल तर वार बघून जा. बुधवारी तिथे बाजार भरतो. शांतता शोधायला त्या दिवशी गेलात तर डोकं उठेल. बाजारच बघायचा म्हणून गेलात, तर भाजीवाल्यांच्या आरोळ्या आणि घासाघीस ऐकण्यासारखी फुकटची करमणूक दुसरी नाही.

डोकं रिकामं होण्याची वाट पाहणं

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. डोळे मिटून बसलं की मिनिटभरात गॅसचा नंबर, पोराची फी, साहेबांचा टोमणा, सगळं रांगेत हजर. मग निष्कर्ष निघतो: 'आपल्याला नाही जमत बुवा.' अहो, मन भटकणारच. ते भटकलंय हे लक्षात येणं आणि त्याला पुन्हा श्वासावर आणणं, हाच तर सराव. वीस वेळा भटकलं आणि वीस वेळा परत आणलंत, तर बैठक वाया गेली नाही.

याच्याच उलट टोक म्हणजे इगतपुरी. तिथलं धम्मगिरी हे विपश्यना ध्यानाचं केंद्र जवळ आहे आणि फी नाही (जुन्या साधकांच्या दानावर सगळं चालतं), म्हणून काही जण घरी पाच मिनिटंही न बसता थेट दहा दिवसांच्या विपश्यनेचा फॉर्म भरतात. पहाटे ४ ची घंटा, दिवसाला सुमारे दहा तास बैठक, मौन, फोन जमा, वाचन-लेखन बंद. शिबिर नवख्यांसाठीही असतं, मनाई अजिबात नाही. पण 'जरा आराम होईल' एवढ्याच अपेक्षेने गेलेल्याला ते कष्टाचं वाटतं. नियम आधी नीट वाचा आणि घरी रोज थोडं बसून पाहा.

घरी बसताना झोप येत असेल तर जेवणानंतर बसू नका, डोळे अर्धे उघडे ठेवा. पायाला मुंग्या येत असतील तर सरळ खुर्चीवर बसा. मांडी घातलीच पाहिजे असं काही नाही. आणि बसणंच नको असेल, तर लसूण सोलताना फक्त लसूण सोला. समोर मालिका नको, कानात गाणी नकोत.

पक्षी बघायला दुपारी, टोळक्याने

नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० साली जाहीर झालं. गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे तिथे उथळ पाणी आणि गाळ साठला आणि पाखरांचं फावलं. आपली मंडळी मात्र रविवारी मिसळ चापून, भडक टी-शर्ट घालून, अकराच्या उन्हात पोहोचतात आणि 'काहीच दिसलं नाही' म्हणत परततात. हिवाळ्यात जा, उजाडताना पोहोचा, मातकट कपडे घाला, दोघं-तिघंच असा. यादी पुरी करायच्या मागे लागू नका. पांढऱ्या कपाळाचा काळा वारकरी किंवा चमचा, असा एकच पक्षी निवडा आणि तो काय करतोय ते दहा मिनिटं बघत राहा. फोटो नंतर.

कुंड्यांची भरती

उत्साहात नर्सरीतून एकदम पंधरा रोपं आणायची आणि सगळ्यांना रोज तांब्याभर पाणी घालायचं. पानं पिवळी पडतात, मुळं कुजतात आणि माणूस आणखी हिरमुसतो. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. कुंडीत तीच निव्वळ भरू नका, शेणखत आणि वाळू किंवा कोकोपीट मिसळा. पाणी घालण्याआधी बोट दुसरं पेर बुडेल इतकं मातीत खुपसा, ओल लागली तर आज पाणी नाही. रोपं दोनच ठेवा.

छंदाला औषध समजणं

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर चालणं आणि बागकाम पुरणार नाही. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. काही जणांची अस्वस्थता डोळे मिटून बसल्यावर उलट वाढते. तसं झालं तर रेटू नका, थांबा आणि विचारा.

खाडा पडला की सोडून देणं

लग्नसराई, आजारपण, पाहुणे, खाडा पडणारच. बुडालेले दिवस भरून काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नका. उलट निम्म्या वेळाने सुरू करा: दहा मिनिटं बसत असाल तर पाचच, गंगेपर्यंत जात असाल तर कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत. आणि पुन्हा सुरू केलंय हे फॅमिली ग्रुपवर टाकू नका, मामा लगेच विचारतील, 'मग, किती वजन उतरलं?'