‘आय-सेव्हन’चा स्टिकर बघून कॉम्प्युटर घेऊ नका, घरच्या वापरासाठी घेताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या ठाण्यातल्या चरईच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला. दुकानदार म्हणाला, “आय-सेव्हन आहे काकू, दहा वर्षं बघायला नको.” घरी आणला तर सुरू व्हायलाच चार मिनिटं. लाइटबिल भरायला ब्राउझर उघडला की माउसचा बाण जागच्या जागी थिजायचा. मी डबा उघडून पाहिला. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, २६०० नंबरचा, म्हणजे २०११ सालचा, आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क. काकूंनी साठवलेले पैसे होते ते. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

सेकंडहँड घेणं ही चूक नव्हे. ऑफिसांतून निघालेले डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर मजबूत असतात आणि घरकामाला उत्तम चालतात. चूक होते ती नंबर न वाचण्याची. ‘आय-थ्री’, ‘आय-फाइव्ह’, ‘आय-सेव्हन’ या इंटेल कंपनीच्या प्रोसेसरच्या नावांपेक्षा त्यापुढचा आकडा महत्त्वाचा. चार आकडी असेल तर पहिला अंक ही त्याची पिढी, पाच आकडी असेल तर पहिले दोन. ८५०० म्हणजे आठवी, १२१०० म्हणजे बारावी. काकूंचा आय-सेव्हन २६०० आणि २०२२ चा साधा आय-थ्री १२१००, दोघांतही चार कोअर आणि आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी काम करणारे हात सारखेच. तरी हा आय-थ्री त्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. मधे अकरा वर्षं गेली आहेत.

पिढी बघायला आणखी एक कारण आहे. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. त्यामुळे आठवीच्या आधीचं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी बँकेची कामं करणाऱ्या घरासाठी मी घेऊ देत नाही. आठवी पिढी असूनही विंडोज ११ चालणार नाही असा संदेश आला तर घाबरू नका. बऱ्याचदा बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, टीपीएम हा सुरक्षेचा भाग बंद असतो. इंटेलच्या मशीनवर तो पीटीटी या नावाने सापडतो, तेवढा चालू करा.

दुसरी मोठी चूक म्हणजे ‘एक टीबी’ ऐकून हुरळून जाणं. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारी सुई जागा शोधत हिंडते. मशीन सुरू होताना हजारो छोट्या फाइली लागतात, तिथेच सगळा वेळ जातो. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही. २५६ जीबीची एसएसडी घ्या, जुनी डिस्क फोटोंसाठी आत राहू द्या. काकूंच्या मशीनमध्ये आम्ही शेवटी एसएसडी बसवून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाकली, आता ते अर्ध्या मिनिटाच्या आत उघडतं.

रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, ८ जीबी हवीच. एक स्लॉट रिकामा आहे का ते विचारा, म्हणजे पुढे वाढवता येते. असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेला, घेत असाल तर इंटेलच्या नंबरशेवटी ‘एफ’ आहे का बघा. असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड घातल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

आता किरकोळ वाटणाऱ्या, पण घरी आल्यावर खोळंबा करणाऱ्या गोष्टी. ऑफिसच्या डब्यात बहुतेकदा वायफाय नसतं, कॅमेरा नसतो. मागे एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्ट असतं. केबल घेताना ‘डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयकडे’ असं स्पष्ट सांगा. उलट दिशेची केबल चालत नाही. मुलांचे ऑनलाइन क्लास असतील तर वेबकॅम, माइक आणि वायफाय डोंगल यांचे पैसे आधीच धरा.

दुकानातच मशीन लावून घ्या. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि त्यातल्या परफॉर्मन्समध्ये रॅम आणि डिस्क डोळ्यांनी बघा. सेटिंग्जमध्ये विंडोज ॲक्टिव्हेट आहे का तेही पाहा. अँटिव्हायरस बंद करून चालवलेलं क्रॅक, म्हणजे चोरीचं, विंडोज नको. नुसत्या तोंडी ‘टेस्टिंग वॉरंटी’वर समाधान मानू नका, सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटीचं बिल मागा.

आणि पावसाळा. ठाणे असो की ऐरोली, खाडीकाठच्या दमट हवेत मशीन बंद राहिलं की रॅमच्या पट्टीवर थर धरतो. चालू केलं की बीप वाजते, स्क्रीन काळी. लगेच मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, गेला असं मानू नका. प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा, रॅम काढून तिची सोनेरी कड साध्या खोडरबराने हलकेच पुसा, भुगा झटका आणि दोन्ही बाजूंना ‘कट्’ आवाज येईपर्यंत बसवा. अनेकदा एवढ्यावर मशीन उठतं.

जुन्या मशीनवर अचानक बँकेची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणू लागली, तर इंटरनेटवाल्याला फोन करण्याआधी कोपऱ्यातली तारीख बघा. ती मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि चुकीच्या तारखेमुळे ब्राउझर ते नाकारतो. सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. प्लग काढून तो बदला आणि तारीख पुन्हा लावा, साइट पहिल्यासारखी उघडेल.