मक्यातली बुरशी, कोंबडीचं लिव्हर आणि पीजीचा थिसिस

अफ्लाटॉक्सिनवर, म्हणजे धान्यातल्या बुरशीच्या विषावर, पीजीच्या थिसिसचा विषय घ्यायचा म्हणताय तर घ्या बिनधास्त, आपल्या बेळगाव भागातल्या पोरांना हा विषय घरचाच आहे की. गोकाक, बैलहोंगलकडचा मका नीट वाळायच्या आत पोत्यात भरतात आणि थप्पी लावतात. पावसाळ्यात अशा थप्पीच्या खालच्या पोत्यात हात घालून बघा, वरनं कोरडं आणि आत गरम लागतं, दाणे एकमेकाला चिकटलेले. पण तिथली मूठभर उचलून टेस्टला पाठवू नका, टॉक्सिन सगळीकडं सारखं नसतंच, बऱ्याच पोत्यांतनं थोडं थोडं घ्या, एकत्र दळा, मग सॅम्पल काढा.

बी-१ (अफ्लाटॉक्सिनचाच एक प्रकार) खाद्यातनं कोंबडीच्या पोटात गेलं की लिव्हरचेच एन्झाइम त्याचा इपॉक्साइड, म्हणजे पटकन दुसऱ्याला चिकटणारं रूप, करतात, तो डीएनएला चिकटतो आणि प्रोटीन बनणं मंदावतं. लिव्हरमध्ये बनणारं रक्तातलं प्रोटीन अल्ब्युमिन उतरतं, आणि चरबी लिव्हरबाहेर नेणारं प्रोटीनही कमी पडतं. पक्ष्यात चरबी मुख्यतः लिव्हरमध्येच बनते, ती तिथंच साठून राहते, म्हणून लिव्हर मोठं, फिकट पिवळं आणि बोटानं दाबलं तर तुटणारं.

आता जिथं मी अडकले ते नीट वाचा. टॉक्सिन दिलेली पिल्लं खातातच कमी. कमी खाल्लं की वजन घटतं, रक्तातले ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरतात, आणि विषानंही तेच होतं. मग व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारतात, हे टॉक्सिननं झालं का उपाशी राहिल्यानं? भरपेट खाणारा एकच कंट्रोल (टॉक्सिन न दिलेला ग्रुप) ठेवला असेल तर उत्तर नसतं. म्हणून पेअर-फेड ग्रुप पाहिजेच. टॉक्सिन ग्रुपनं काल किती खाल्लं ते उरलेलं आणि सांडलेलं वजन करून काढायचं, आज तेवढंच स्वच्छ खाद्य या ग्रुपला द्यायचं, रोज, रविवारी पण. एकदम टाकलं तर पिल्लं तासाभरात फस्त करतात आणि बाकी दिवस रिकामी बसतात, मग रक्त कधी काढलं त्यावर आकडे हलतात, म्हणून तीन-चार वेळा वाटून द्या आणि रक्त सगळ्यांचं ठरल्या वेळेलाच काढा. असं केलं की फरक स्वच्छ दिसतो, उपाशी पक्ष्याचं लिव्हर लहान आणि चरबी कमी, टॉक्सिनवाल्याचं मोठं आणि चरबीनं भरलेलं, रक्तातले ट्रायग्लिसराइड मात्र दोघांचेही खालीच.

गाईड म्हणतील, पिंजरे वाढतात, खर्च वाढतो, सोडा. सोडू नका, सिनॉप्सिसमध्येच (थिसिसच्या आराखड्यात) लिहून टाका, नंतर कोणी घालू देत नाही. माझं मत विचाराल तर फार्मवर वीस वर्षं काढलेला सुपरवायझर अशा बाबतीत गाईडपेक्षा जास्त शिकवतो, त्याच्याशी कन्नडमध्ये दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत एवढंच. आणि एकच बाइंडर (खाद्यात घालून टॉक्सिन धरून ठेवणारा पदार्थ) सगळ्या टॉक्सिनवर चालतो म्हणणाऱ्या सेल्समनचं ऐकून ट्रीटमेंट ठरवू नका, बेंटोनाइट माती अफ्लाटॉक्सिन चांगलं धरते, टी-२ या दुसऱ्या बुरशीच्या विषाला तिचा फारसा उपयोग नाही.

घाबरू नका, पहिल्या बॅचला आकडे वेडेवाकडे आले तरी चालतं, पिल्लं पिल्लांत फरक असतोच. फक्त लिव्हरचे सगळे तुकडे पॅराफिनला (मेणात बसवून काप काढायला) घालू नका. त्यात लागणाऱ्या अल्कोहोल, झायलिनमध्ये चरबी विरघळून जाते आणि स्लाइडवर नुसती पोकळी उरते, ती चरबीची का ग्लायकोजेनची (लिव्हरमध्ये साठलेल्या साखरेची) ते सांगता येत नाही. एक तुकडा फ्रोझन सेक्शनला (गोठवून काप काढायला) ठेवा आणि ऑइल रेड ओ हा चरबीला लागणारा रंग लावा, चरबी असेल तर लाल दिसेल.