किल्ली लावून झाड ओळखताय? या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की माझ्याकडे एकाच छापाचे प्रश्न येऊ लागतात. "डायकोटॉमस की (जोडीजोडीने पर्याय देणारी, झाड ओळखायची किल्ली) लावली, सगळं नीट केलं, तरी भलतंच नाव येतंय. किल्लीच चुकीची आहे का?" बहुतेक वेळा किल्ली बरोबर असते. गडबड पहिल्या चार-पाच पायऱ्यांत झालेली असते आणि शेवटपर्यंत कुणाला कळत नाही, कारण किल्लीला "माहीत नाही" असं म्हणताच येत नाही. दोन पर्याय वाचा, एक निवडा, पुढच्या क्रमांकावर जा. हातात काहीही असो, शेवटी एक नाव मिळतंच. म्हणून नाव मिळालं म्हणजे ओळख पटली असं समजू नका. मी सगळ्यांना पहिल्या दिवशी हेच सांगतो.

पान कुठलं, पर्णिका कुठली?

सर्वात जास्त माणसं इथे घसरतात. "पान साधं की संयुक्त" हा प्रश्न किल्लीत फार लवकर येतो. साधं म्हणजे एकच पातं, संयुक्त म्हणजे एकाच पानाची सुटी सुटी पाती, त्यांना पर्णिका म्हणतात. नवशिका फांदीकडे एकदा बघतो, हिरवी चपटी वस्तू दिसली की तिलाच पान म्हणतो आणि पुढे जातो.

एका महाविद्यालयाच्या सहलीबरोबर उन्हाळ्याच्या तोंडाशी भीमाशंकरच्या बाजूला गेलो होतो. एका गटाने एका झाडाची डहाळी घेतली. बारीक पानं, दोन रांगांत, दाटीने. फळ नव्हतं. "संयुक्त, पिच्छाकृती" (पिसासारखं, दोन्ही बाजूंना पर्णिका) असं लिहून ते पुढे निघाले आणि थेट बाभळी-लाजाळूंच्या घरात पोचले. तिथे काहीच नीट जुळत नव्हतं, तरी त्यातल्या त्यात जवळचं नाव उचलून चिठ्ठी लिहिली आणि नमुना वर्तमानपत्रात दाबूनही टाकला. चाळीस पावलांवरच्या त्याच जातीच्या दुसऱ्या झाडाला शेवटचे दोन-तीन आवळे लटकत होते, तिकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही.

मी डहाळी परत काढायला लावली आणि एका मुलीच्या हातात भिंग दिलं. "पर्णिका" म्हणून जे लिहिलं होतं, त्या प्रत्येकीच्या बगलेत (देठ फांदीला जुळतो त्या कोनात), डहाळीच्या बुडाकडच्या भागात, हिरवट-पिवळ्या फुलांचे घोस होते. कळी, फुलाची असो की नव्या फांदीची, पर्णिकेच्या बगलेत येत नाही. म्हणजे ती एकेक पर्णिका नव्हती, एकेक अख्खं साधं पान होतं आणि ज्याला सगळे पानाचा दांडा समजत होते ती बारीक फांदी होती. आवळा इथे नीटच फसवतो, कारण ही फांदी पानासारखी गळूनही पडते. खात्री करायची असेल तर अंगणातला भुईआवळा उपटा आणि काडी उलटी करा. पानांच्या बगलेत ओळीने लागलेली बारकी फळं दिसतील. हेच लक्षण तिथे भिंगाशिवाय दिसतं.

माझी सवय अशी आहे: हिरव्या पात्यापासून सुरुवात करून देठाने खाली खाली यायचं आणि कळी जिथे सापडेल तिथे थांबायचं. कळीच्या वर जे काही आहे ते सगळं मिळून एक पान. भाजीवाली देते ती कढीपत्त्याची काडी म्हणजे एक पान. कडुनिंबाचंही तसंच. बकाणा निंबात पान दोन-तीनदा विभागलेलं असतं, तरी कळी अगदी खालीच सापडते. उलट आपट्याचं आणि कांचनाचं पान दोन भागांचं दिसलं तरी एकच साधं पान आहे. दसऱ्याला सोनं म्हणून वाटलेलं पान हातात घेऊन "दोन पर्णिका" लिहिणारे मी दरवर्षी पाहतो.

एक फूल की फुलांचा गुच्छ?

एकदांडी रस्त्याच्या कडेला बारमाही मिळते, म्हणून पहिला धडा तिच्यावर द्यावा असं सगळ्यांना वाटतं. मी देत नाही. नवशिका "पाकळ्या पाच, निदलपुंज हिरवा, पुंकेसर दिसत नाहीत" असं लिहितो (निदलपुंज म्हणजे पाकळ्यांखालच्या निदलांचं, हिरव्या पाकळीवजा पानांचं, वलय) आणि तिन्ही गोष्टी चुकतात. कडेची फिकट पिवळी "पाकळी" चिमट्याने ओढून काढा. तिच्या बुडाशी नळी आहे, नळीतून दोन फाट्यांची परागवाहिनी डोकावते आहे. म्हणजे ते स्वतंत्र फूल आहे. मधला पिवळा ठिपका म्हणजे आणखी कितीतरी फुलं. बाहेरची हिरवी पानं ही निदलं नव्हेत, ती सगळ्या गुच्छाची सहपत्रं, म्हणजे फुलांलगत येणारी पानं. खरं निदल म्हणजे बीज उडवून नेणारे ते केस. सप्टेंबरात सह्याद्रीची पठारं पिवळी करणारी सोनकीही याच कुळातली, सूर्यफूल आणि झेंडूही. या कुळाचा चेहरा एकदा डोळ्यांत बसला की तो पुन्हा चुकत नाही, पण त्यासाठी दोन-चार फुलं फाडून पाहावी लागतात. तेवढा धीर नसेल तर किल्ली हातात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोगनवेलीची रंगीत "फुलं" ही सहपत्रं आहेत, फूल म्हणजे मधली पांढरट नळी. उंबराचं फूल दिसत नाही म्हणून "फुलं नाहीत" असं लिहू नका, ती त्या "फळा"च्या आत असतात.

अंडाशय ऊर्ध्वस्थ की अधःस्थ (पाकळ्या-निदलांच्या वर की खाली), हा प्रश्न आला की निम्मे लोक अंदाजाने उत्तर देतात. ब्लेडने फूल उभं कापा. कापायचं नसेल तर फळ बघा: वांग्याची टोपी देठाकडे असते, तिथे अंडाशय ऊर्ध्वस्थ. पेरूचा आणि डाळिंबाचा मुकुट देठाच्या विरुद्ध टोकाला असतो, तिथे अधःस्थ. वांगं आणि पेरू शेजारी ठेवून पाहिले की हा प्रश्न आयुष्यभरासाठी सुटतो.

थोडक्यात आणखी काही

पहिला पर्याय पटला म्हणून दुसरा न वाचणं. दोन्ही वाचा. दुसऱ्यात "किंवा" असेल तर तो पुन्हा वाचा.

जुन्या फ्लोरांत (एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींची वर्णनं देणाऱ्या ग्रंथांत) पायऱ्या आत सरकवून छापतात, त्यामुळे जोडीतला दुसरा पर्याय कधी दोन पानांनंतर येतो. समास बघून त्याच रेषेतली जोडी शोधा.

"उपपर्णं (देठाच्या बुडाशी येणारी बारकी पानं) नाहीत" असं घाईने लिहिणं. वड-पिंपळाची उपपर्णं लवकर गळतात. फांदीवर प्रत्येक पानापाशी गोल वळ दिसतो का ते बघा, तीच त्यांची खूण.

एकाच पानावर निर्णय घेणं. फणसाच्या रोपाची पानं कधी खोल कातरलेली असतात, मोठ्या झाडाची नसतात. फांदीच्या मधली, पूर्ण वाढलेली पाच-सहा पानं मोजा.

चीक आहे का हे सुकलेल्या फांदीवर तपासणं. ताजं पान मोडा, आणि रुईचा किंवा शेराचा चीक डोळ्यांजवळ नेऊ नका.

कारवी सात-आठ वर्षांनी फुलते. मधल्या वर्षांत फुलांवर चालणारी किल्ली तिला लावायला जाऊ नका.

किल्ली कुणाची, कुठली?

थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची फ्लोरा 1901 ते 1908 या काळात आली. आजही मी ती उघडतो. पण गाजर गवताची पुण्यातली नोंद 1950च्या दशकातली आहे. ते त्या किल्लीत टाकलंत तर कुळापर्यंत नीट पोचाल आणि पुढे दुसऱ्याच कुणाचं तरी नाव गळ्यात पडेल. किल्लीत नसलेलं झाड किल्ली ओळखू शकत नाही, म्हणून ती कुठल्या भागासाठी आणि कधी लिहिली हे आधी बघा. जुन्या नावांचंही तेच. टाकळा तिथे कॅशिया या प्रजातीत सापडेल, आता तो सेन्ना आहे. बाभूळ अकेशियात होती, आता व्हॅचेलियात.

अडकलात तर काय करायचं?

वहीत आलेला रस्ता लिहा: 1अ, 4ब, 9अ. शंका आली त्या क्रमांकापुढे प्रश्नचिन्ह टाका आणि तिथून दोन्ही वाटा चालून बघा. चुकीची वाट बहुधा चार पायऱ्यांत वेडंवाकडं विचारू लागते, तुमच्या झाडाला नसलेल्या काट्यांबद्दल किंवा वेलीच्या तणाव्यांबद्दल. रस्ता न लिहिता "परत पहिल्यापासून करतो" म्हणणारे तीच चूक त्याच जागी पुन्हा करतात.

फोटोवरून नाव सांगणारं ॲप मी शेवटी वापरतो, सुरुवातीला नाही. आधी नाव मिळालं की डोळे तेवढंच शोधू लागतात. आणि किल्लीतून किंवा ॲपमधून मिळालेल्या नावाच्या भरवशावर कुठलीही रानभाजी शिजवू नका, ती ओळख तिथल्या जाणत्या माणसाकडूनच घ्या.

नाव मिळाल्यावर त्या जातीचं पूर्ण वर्णन ओळीने वाचा आणि जुळत नाही ते खोडून न टाकता लिहून ठेवा. तरी शंका उरली तर वाळवलेला नमुना घेऊन पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या किंवा आघारकर संस्थेच्या, मुंबईत सेंट झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियमात (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) विचारा. जाताना फुलाफळासह फांदी, जागा, तारीख आणि ताज्या फुलाचा रंग लिहिलेली चिठ्ठी न्या. नुसतं एक पान पाकिटात घालून नेऊ नका. कास किंवा कुठल्याही संरक्षित ठिकाणी मात्र तोडायचं नाही. तिथे पानाची बगल, पानाची मागची बाजू आणि फुलाचा मागून निदलांसकट फोटो, एवढे तीन घ्या.