सोरॉरिटीत जायचंय, पण आपण ख्रिश्चन नाही

अमेरिकेत बॅचलर्सला येणाऱ्या मुली दर उन्हाळ्यात मला हेच विचारतात: "ताई, सोरॉरिटीत आपल्याला घेतात का? ते सगळं चर्चवालं असतं ना?" सोरॉरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींची, ग्रीक अक्षरांच्या नावाची संघटना. घेतात. मी ठाण्याहून दक्षिणेतल्या एका मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत आले, दुसऱ्या वर्षी रश केलं, म्हणजे सोरॉरिटीतल्या भरतीच्या फेऱ्या केल्या, आणि पदवी मिळेपर्यंत चॅप्टरच्या, म्हणजे सोरॉरिटीच्या तिथल्या शाखेच्या, घरातच राहिले. माझ्या टेबलावर गणपती होता, त्यावरून कधी कुणी वाकडा शब्द काढला नाही. पण सोमवारच्या जेवणाआधी सगळ्या हात जोडून उभ्या राहायच्या आणि प्रार्थना येशूच्या नावाने संपायची. त्यामुळे नुसतं "घेतात" म्हणून भागत नाही.

आधी एक घोळ मिटवू. सेमिस्टरच्या सुरुवातीला क्लबांची जत्रा भरते, तिथे ग्रीक अक्षरांचे टी-शर्ट घातलेल्या सगळ्याच मुली सारख्या दिसतात. त्यातल्या काही संघटना उघडपणे ख्रिश्चन असतात. उदाहरणार्थ, १९८८ मध्ये ऑस्टिनला सुरू झालेली सिग्मा फाय लॅम्डा. तिथे श्रद्धा हाच पाया असतो आणि त्या तसं स्पष्ट सांगतात. तुम्ही रीलमध्ये बघता ती मोठी घरं, दारात टाळ्या वाजवत गाणाऱ्या मुली, तो मामला वेगळा. त्या नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सच्या, म्हणजे एनपीसीच्या सोरॉरिटीज. एनपीसी १९०२ ची, सदस्य संघटना २६. त्यांच्यात प्रवेशाला धर्माची अट नाही.

अट नसली तरी वळण मात्र प्रोटेस्टंट आहे, आणि त्याला इतिहास आहे. यातल्या बऱ्याच जुन्या संघटना चर्चने काढलेल्या कॉलेजांत जन्मल्या. पाय बीटा फाय १८६७ ची, प्रेस्बिटेरियन पंथाच्या मॉनमथ कॉलेजातली. फाय म्यू १८५२ ची, जॉर्जियातल्या मेथडिस्ट पंथाच्या कॉलेजातली, आणि तिच्या क्रीडमध्ये, म्हणजे तत्त्वांच्या निवेदनात, देव हा सगळ्यांचा रक्षक आणि वाटाड्या असल्याचं आजही म्हटलं जातं. त्या काळी या घरांची दारं ज्यू आणि कॅथलिक मुलींनाही सहसा उघडत नसत. म्हणून १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात ज्यू मुलींनी अल्फा एप्सिलॉन फाय काढली, १९१२ मध्ये मिशिगनला कॅथलिक मुलींसाठी थीटा फाय अल्फा निघाली, आणि १९१३ मध्ये हंटर कॉलेजात फाय सिग्मा सिग्मा निघाली ती सर्व धर्मांच्या मुलींसाठीच. आज या तिन्ही एनपीसीत आहेत. तुमच्या कॅम्पसवर यांपैकी एखादी असेल तर पहिल्या दिवशी तिच्या घराकडे जरा लक्ष देऊन बघा. वेगळ्या धर्माची मुलगी तिथे कुणाला नवलाची वाटत नाही.

आता रशचा आठवडा. पहिल्या फेरीत एकामागून एक घरं. प्रत्येक ठिकाणी एक मुलगी तुमच्याशी बोलते, काही मिनिटांत दुसरी येऊन तिची जागा घेते, मग तिसरी. आवाज इतका की संध्याकाळपर्यंत घसा बसतो. बोलायचे विषय ठरलेले: मूळ गाव, मेजर म्हणजे मुख्य विषय, उन्हाळ्यात काय केलंस. मुलग्यांविषयी, दारूविषयी, बायबलविषयी, राजकारणाविषयी बोलायचं नाही असा अलिखित नियम बहुतेक कॅम्पसांवर शिकवतात. आपल्याला त्याचा फायदाच होतो. तरीही दक्षिणेत कुणीतरी सहज विचारतंच, "इथे तुला चर्च मिळालं का?" यात खोच नसते. आपल्याकडे "जेवलीस का?" विचारतात तितकंच ते साधं. मी सांगायचे, "आम्ही हिंदू. शहराबाहेर देऊळ आहे, सणाला जाते. तू कुठे जातेस?" गप्पा पुढे सरकायच्या. एका घरात मात्र माझं उत्तर ऐकून समोरचीचा चेहरा इतका पडला की उरलेला वेळ ती पडद्यांच्या रंगाविषयी बोलली. त्या घराने मला पुढच्या फेरीला बोलावलं नाही. कारण तेच होतं का, हे कळायला मार्ग नसतो. त्यावर रात्रभर डोकं शिणवू नका.

शेवटची फेरी प्रेफरन्सची. दिवे मंद, मेणबत्त्या, सीनियर मुली रडत रडत भाषणं करतात, आणि आपल्यालाही हुंदका येतो. त्याच भरात, बाहेर पडल्या पडल्या पसंतीक्रम भरून करारावर सही करायची असते. हा करार नीट वाचा. क्रमात लिहिलेल्या घराची बिड, म्हणजे प्रवेशाचं निमंत्रण, आली आणि तुम्ही नाकारलीत, तर त्या कॅम्पसवर पुढच्या मुख्य रशपर्यंत एनपीसीच्या दुसऱ्या घरात जाता येत नाही. आणि एकदा इनिशिएशन, म्हणजे कायमचं सदस्य करून घेण्याचा विधी, झालं की जन्मभर दुसऱ्या एनपीसी सोरॉरिटीचं सदस्य होता येत नाही. बिड आणि इनिशिएशन यांच्या मध्ये काही आठवडे असतात, धर्माविषयीच्या शंका त्या काळात फेडून घ्यायच्या.

कारण इनिशिएशनचा विधी गुप्त असतो, आधी वाचायला मिळत नाही. पण प्रश्न विचारायला कुणाची बंदी नाही. मी चॅप्टरच्या सल्लागार बाईंना, म्हणजे जुन्या सदस्य असलेल्या एका वयस्क बाईंना, थेट विचारलं: शपथ बायबलवर घ्यायची असते का, येशूवर श्रद्धा आहे असं म्हणावं लागतं का, एखादं वाक्य मी गाळलं तर चालेल का, आणि या घरात आधी कुणी बिगर-ख्रिश्चन मुलगी होती का, तिच्याशी बोलता येईल का. त्यांना राग आला नाही. सांगता येण्याजोगं सगळं सांगितलं आणि एका ज्यू माजी सदस्याचा नंबर दिला. या प्रश्नांवर उडवाउडवीची उत्तरं देणाऱ्या घरात मी गेले नसते. विधीला पांढरा ड्रेस लागतो हे कळल्यावर आई फोनवर म्हणाली, "शुभकार्याला पांढरं?" मी लाल काठाची ओढणी घडी करून पर्समध्ये ठेवली. तिचं समाधान झालं, माझंही.

रोजच्या जगण्यात धर्मापेक्षा जेवण जास्त नडतं. घरातल्या स्वयंपाकिणीच्या आठवड्याच्या बेतात चिली, बर्गर, टाको, म्हणजे बीफच बीफ. शाकाहारी असाल तर घर दाखवतात तेव्हाच विचारा. नाहीतर जेवणाचे पैसे इतरांइतकेच भरून सॅलड खात बसाल. दिवाळी नेमकी मिडटर्म्सच्या आसपास येते, आणि चॅप्टर मीटिंग चुकली की पॉइंट कापतात किंवा दंड लावतात. दिवाळीची तारीख दरवर्षी बदलते हे तिथे कुणाला ठाऊक नसतं. ऑगस्टमध्येच तारखा लिहून सूट मागून ठेवा.

आणि रविवार सकाळ. अख्खं घर चर्चला जातं, खाली एकटीच कॉफी करायची. बायबल स्टडी ऐच्छिक असते, पण मैत्र्या त्या गाडीत जाता-येताच घट्ट होतात. सुरुवातीला मला फार एकटं वाटायचं. मग मी चर्चनंतरच्या ब्रंचला थेट हॉटेलात पोहोचायला लागले, आणि निम्मा प्रश्न सुटला. उरलेला निम्मा सुटला नाही.

हे सगळं नकोसं वाटत असेल तर देसी सोरॉरिटीज आहेत. डेल्टा फाय ओमेगा ह्यूस्टनची, काप्पा फाय गॅमा ऑस्टिनची, सिग्मा सिग्मा रो न्यूयॉर्ककडची. तिन्ही १९९८ च्या. चॅप्टर लहान, बहुतेकींना स्वतःचं घर नाही, नव्या सदस्यांचा शिकाऊ काळही वेगळ्या धर्तीचा. तिथे दिवाळी समजावून सांगावी लागत नाही. एनपीसीत जमलं नाही म्हणून इकडे, असा विचार करून जाऊ नका. तिथल्या मुलींना ते लगेच कळतं. आणि घर कुठलंही असो, झोपू न देणं, फोन काढून घेणं, "हे कुणाला सांगायचं नाही" म्हणत अंगमेहनत करून घेणं, यातलं काहीही झालं तर ते हेझिंग, म्हणजे रॅगिंग. त्याच दिवशी बाहेर पडा आणि डीनच्या ऑफिसला कळवा.

घरच्यांना दोन गोष्टी सांगून ठेवा. एक, एनपीसीच्या सोरॉरिटी घरांत दारूला बंदी असते. माझी आजी एवढ्यावरच राजी झाली. दुसरी, पैसे. फी, टी-शर्ट, फॉर्मलचे (नाचाच्या औपचारिक पार्टीचे) कपडे, फोटो, सगळं धरून आकडा रशच्या काळातच मागून घ्या, तो सांगणं त्यांना भाग असतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्या कमाईत हे बसत नाही.

तिकीट काढण्याआधी रशच्या तारखा बघा. दक्षिणेत मुख्य रश ऑगस्टमध्ये, वर्ग सुरू व्हायच्या आधी असतं, आणि नोंदणी त्याच्याही आधी बंद होते. एफ-१ वर आय-२० वरच्या (युनिव्हर्सिटी देते त्या प्रवेशाच्या कागदावरच्या) सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवस आधीपर्यंत अमेरिकेत येता येतं, त्यामुळे बहुधा जमून जातं. नाहीच जमलं तर जागा शिल्लक असलेली घरं नंतर, बहुधा जानेवारीतही, मुली घेतात. तेव्हा ना मेणबत्त्या असतात ना गाणी. कॉफी पीत तासभर बोलता येतं, आणि वरचे सगळे प्रश्न शांतपणे विचारता येतात.