बेदाण्याच्या हवेत माणसानं कसं राहायचं

चार किलो द्राक्षं रॅकवर टाकली की साधारण पंधरा दिवसांत त्याचा किलोभर बेदाणा हातात येतो. बाकीचं तीन किलो पाणी गेलं कुठं, ते कुणालाच दिसत नाही. मी कवठेमहांकाळ तालुक्यातली, नागज फाट्याच्या बाजूला बेदाणा शेडवर चौदा सीझन काढलेली बाई. आमच्याकडं बेदाणा होतो तो हवेमुळं. कोरडी, तापलेली, वाहती हवा. ती द्राक्षातलं पाणी ओढते तशीच आपल्या अंगातलंही ओढते. कोकणात घाम निथळताना दिसतो. आमच्याकडं तो निघतो आणि लगेच वाळतो. मग माणसाला वाटतं, घाम आलाच नाही तर पाणी कशाला प्यायचं? फसगत इथंच होते.

घाम किती गेला ते बघायचं असेल तर संध्याकाळी काळा ब्लाऊज उजेडात धरून बघा. पाठीवर आणि काखेखाली पांढऱ्या कडा उमटलेल्या असतात. ते मीठ आहे, तुमच्याच अंगातलं. दुसरी खूण लघवीची. फिकट असली तर ठीक. गर्द पिवळी, थोडी थोडी आणि जळजळत होत असेल, म्हणजे उन्हाळी लागली, तर तुम्ही सकाळपासूनच पाण्यात मागं पडलाय.

पाण्याआधी मी आडोशाचं बोलणार आहे, कारण बायका पाणी का पीत नाहीत हे कुणी विचारत नाही. पहिली पाच वर्षं मी सकाळी कपभर चहा घेऊन निघायची आणि दुपारपर्यंत पाण्याला शिवायची नाही. शेडवर तीस बाया आणि जायला जागा नाही. तेव्हाच्या मालकाला सांगितलं तर म्हणाले, दोन महिन्यांचं काम, तेवढ्यासाठी कशाला? शेवटी आम्हीच चार बांबू रोवले, जुनी शेडनेट दुहेरी करून गुंडाळली, आत पाण्याचा ड्रम ठेवला. अर्ध्या दिवसाचं काम. त्या सीझनला दुपारची डोकेदुखी निम्म्याहून कमी झाली. तुमच्या रानात, वीटभट्टीवर, बांधकामावर बाया कामाला असतील तर माठाच्या आधी आडोसा उभा करा. तो नसेल तर माठ भरलेलाच राहतो.

आता पाणी. तहान लागायची वाट बघायची नाही. उन्हात काम असेल तर दर वीस मिनिटांनी एक फुलपात्र. एकदम तांब्याभर ढोसलं तर पोट डबडबतं आणि काम होत नाही. आमच्याकडं एका पोरीकडं हेच काम दिलंय, ती घागर घेऊन रांगेनं फिरते आणि समोर उभी राहून प्यायला लावते. पण नुसत्या पाण्यानं भागत नाही, गेलेलं मीठही भरून यायला लागतं. त्याला आमच्याकडं आंबील.

चार माणसांसाठी वाटीभर नाचणीचं पीठ रात्री दोन वाट्या पाण्यात भिजवून झाकून ठेवा. सकाळी चार वाट्या पाणी मीठ घालून उकळा आणि भिजलेलं पीठ एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं ढवळत राहा. हात थांबला की गुठळी झालीच. पिठाचा कच्चा वास जाऊन वर चकाकी आली की उतरवा. पूर्ण गार झाल्यावरच ताक घाला, गरमात घातलं तर फाटतं. वरून ठेचलेला लसूण आणि जिरं. ही आम्ही दहा वाजता पितो, जेवण बारानंतर. नाचणी नसेल तर ज्वारीच्या पिठाचीही होते. जुलाब-उलट्या झाल्या असतील तर मात्र लिटरभर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ वाढवायचं नाही. बीपी, हृदय किंवा किडनीचं औषध चालू असेल त्यांनी मीठ-पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

कामाची वेळ सकाळी सहा ते अकरा आणि चारनंतर. अंगावर साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, डोक्याला ओला टॉवेल. नवीन माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण पाळी देऊ नका. शरीर उन्हाला सरावायला आठवडा-दोन आठवडे जातात. पुण्यातून सुट्टीला आलेली पोरं एकदम रानात उतरतात आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळतात.

घराचं सांगते. आमचं जुनं घर माळवदाचं होतं, पांढऱ्या मातीचं, भर दुपारी आत गार. ते गळायला लागलं म्हणून पाडून पत्रा घातला, आणि एप्रिलात घराची भट्टी झाली. आता दर होळीनंतर पत्र्याला चुना देतो. कळीचा चुना ड्रममध्ये रात्रभर विझवायचा, गाळायचा, थोडा फेविकॉल मिसळायचा आणि झाडूनं दोन हात. विझवताना चुना उसळतो, लेकरं आणि डोळे लांब ठेवा. पावसात धुऊन जातो, म्हणून दरवर्षीचं काम. काहीजण उसाचं पाचट पसरतात, गारवा खरंच येतो, पण चुलीची ठिणगी आणि वळवाचं वारं या दोन्हींची मला भीती वाटते.

खिडक्या नऊ वाजता बंद, पडदा ओढून. उन्हं कलून बाहेर गार वाटायला लागलं की सगळं उघडं. वारा येतो त्या खिडकीला गोणपाट टांगून ओलं ठेवा. माठ ज्या कारणानं पाणी गार करतो त्याच कारणानं हे चालतं, पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. आपली हवा कोरडी आहे तोवरच. मे महिन्यात ढग दाटून उकडायला लागलं की गोणपाट काढा, तेव्हा ते नुसती दमट वाफ करतं. पारा 40 च्या वर गेला की नुसता पंखा गरम हवाच फेकतो. आधी हात, मान, तोंड ओलं करा, मग पंख्याखाली बसा.

हे सगळं माहीत असूनही माझ्याच घरात ऊन लागलं, आणि रानात नाही, पत्र्याखाली बाजेवर. सासूबाई चौऱ्याहत्तरच्या. तीन वाजता मी आले तर त्या मला नणंद समजून बोलत होत्या. अंग चटका बसावा एवढं तापलेलं, कातडी कोरडी. शेजारच्या म्हणाल्या, ताप आलाय, गोळी द्या, वाकळ घाला. ही चूक करू नका. तापाची गोळी या तापावर चालत नाही. बोलणं असंबद्ध झालं की जीवावरचं प्रकरण समजा. आम्ही 108 ला फोन लावला आणि गाडी यायची वाट न बघता त्यांना पडवीत आणलं, साडी सैल केली, अंगावर पाणी ओतत राहिलो, सुपानं वारा घातला, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी. तोंडात पाणी घातलं नाही, शुद्ध धड नसेल तर ते छातीत जातं. गाडी येईपर्यंत त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली होती.

नंतर कळलं, त्यांनी सकाळपासून अर्धा तांब्यासुद्धा संपवला नव्हता. उतारवयात तहान कळत नाही. आता बाजेजवळ दोन तांबे झाकून असतात, एक जेवणाआधी संपवायचा, दुसरा उन्हं कलायच्या आत. दुपारी शेडवरून मी फोन करते. "आत्या, पाणी पिलासा का?" असं विचारलं की त्या हो म्हणायच्याच. म्हणून आता विचारते, "आत्या, कितवा तांब्या चाललाय?"