पेढीच्या कॉम्प्युटरवर फाइल-शोध कसा लावावा, आणि त्याला काय दाखवू नये

सांगलीच्या मार्केट यार्डातली अडत पेढी असो की गणपती पेठेतलं कर सल्लागाराचं ऑफिस, चित्र साधारण एकच. एक कॉम्प्युटर, एक लॉगिन, वापरणारे चौघे. हळदीच्या हिशोबपट्ट्या, शेतकऱ्यांच्या आधार-पॅनचे स्कॅन आणि मालकाचं बँक स्टेटमेंट एकाच ढिगात. फाइल सापडत नाही म्हणून कोणीतरी सर्च सॉफ्टवेअर टाकून देतो. मग हिशोबपट्टी सापडते आणि मालकाचं स्टेटमेंटही सगळ्यांना सापडतं.

१. लॉगिन वेगळी करा. मालकाचं एक, कामगारांचं एक, तेही अ‍ॅडमिन नसलेलं. मालकाचे कागद त्याच्याच युजर फोल्डरमध्ये ठेवा. डी ड्राइव्हवर ठेवलेत तर तिथे साधारणपणे सगळ्या युजरना मुभा असते, मग वेगळ्या लॉगिनचा काही उपयोग नाही.

२. नाव शोधायचंय की आतला मजकूर, ते ठरवा. पेढीचं बहुतेक काम नावावर भागतं. त्यासाठी 'एव्हरीथिंग' हे फाइलची नावं शोधणारं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ते एनटीएफएस (विंडोजची नेहमीची साठवण-पद्धत) डिस्कची फाइलयादी थेट वाचतं, म्हणून लाखभर फाइल्समधूनही टाइप करता करता निकाल देतं. गोम इथेच आहे. त्याची सर्व्हिस (मागे सतत चालणारा, पूर्ण मुभा असलेला भाग) बसवली की साध्या युजरलाही दुसऱ्याच्या फोल्डरमधल्या फाइल्सची नावं दिसतात. फाइल उघडत नाही, पण 'आयकर नोटीस' एवढं नाव वाचलं तरी यार्डात चर्चेला पुरतं. सामायिक मशीनवर सर्व्हिस बसवू नका. कामगारांच्या लॉगिनमध्ये फक्त त्यांचे फोल्डर 'फोल्डर्स' या पानावर जोडा. एचटीटीपी सर्व्हर, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या ब्राउझरमधून ही यादी पाहू देणारी सोय, मुळात बंद असतो, तो बंदच राहू द्या.

३. मजकुराचा इंडेक्स. सगळे इथे फसतात.

मजकूर शोधणारं सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी फाइल उघडून पाहत नाही. ते आधीच सगळ्या फाइल्स वाचून शब्दांचा साठा, म्हणजेच इंडेक्स, करून ठेवतं आणि त्यात शोधतं. म्हणजे तुमच्या कागदांची एक कच्ची नक्कल मशीनवर दुसऱ्या जागी तयार झालेली असते. विंडोजच्या स्वतःच्या सर्चची ही नक्कल सी ड्राइव्हच्या प्रोग्रामडेटा फोल्डरमध्ये, मोठ्या डेटाबेस फाइलमध्ये असते. 'फाइल डिलीट केली की विषय संपला' हा सल्ला देणाऱ्याने ती फाइल कधी पाहिलेली नसते. काढलेल्या नोंदींचे अवशेष तिच्यात काही काळ राहू शकतात आणि जाणकाराला ते वाचता येतात. मशीन दुरुस्तीला गेलं की तीही सोबत जाते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. स्टार्टमध्ये 'इंडेक्सिंग ऑप्शन्स' शोधा. 'मॉडिफाय'मध्ये जाऊन खाजगी फोल्डरची खूण आधी काढा. मग 'अ‍ॅडव्हान्स्ड'मधल्या 'फाइल टाइप्स'मध्ये ज्या प्रकारांचा मजकूर नको त्यांना 'प्रॉपर्टीज ओन्ली' करा. 'इंडेक्स एन्क्रिप्टेड फाइल्स' ही खूण कधीही लावू नका. शेवटी 'रीबिल्ड', म्हणजे जुना साठा पुसून नवा बांधणं. नुसती खूण काढून खिडकी बंद करणं म्हणजे अर्धवट काम. रीबिल्डला तास-दोन तास, फाइल्स जास्त असतील तर त्याहून जास्त वेळ लागतो. लाइट जाऊन लॅपटॉप बॅटरीवर आला की काम मंदावतं, तेव्हा संध्याकाळी चार्जरवर लावून घरी जा. विंडोज ११ मध्ये सर्चच्या सेटिंगमध्ये 'क्लासिक'च ठेवा. 'एन्हान्स्ड' सगळं मशीन धुंडाळतं.

व्हेराक्रिप्टची तिजोरी (पासवर्डने कुलूपबंद केलेली फाइल) वापरणाऱ्यांनी जास्त जपावं. ती उघडली की नवा ड्राइव्ह दिसतो. एव्हरीथिंगमध्ये नवे ड्राइव्ह आपोआप घेण्याची खूण असेल तर आतल्या फाइल्सची नावं त्याच्या यादीत येतात, आणि ती यादी तिजोरीबाहेर असते. ती खूण आधी काढा. नाहीतर कुलूप तिजोरीला आणि यादी दाराबाहेर.

४. इंटरनेटशी नातं तोडा. सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत सर्चच्या परवानग्या असतात. तिथे क्लाउड सर्च आणि सर्च हिस्टरी बंद करा. ही भीती काल्पनिक नाही. २००६ मध्ये गूगल डेस्कटॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत एक सोय आली. ती चालू केली की फाइल्सचा मजकूर गूगलच्या सर्व्हरवर जायचा आणि तिथे ३० दिवसांपर्यंत राहायचा. ते सॉफ्टवेअर २०११ मध्ये बंद झालं. नवं काही टाकताना 'अनेक कॉम्प्युटरवर शोधा' अशी सोय दिसली तर आधी विचारा, नक्कल कुठे राहणार?

५. मराठी मजकूर सापडत नाही. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलमध्ये खरं तर इंग्रजी चिन्हंच साठलेली असतात, त्यामुळे युनिकोडमध्ये (मोबाइलवर टाइप होतं तसल्या आजच्या मराठीत) 'हळद' टाइप केलं तर काही जुळत नाही. तो शब्द जुन्या फाइलमधून कॉपी करून सर्चच्या चौकटीत पेस्ट करा. तिथे गचाळ अक्षरं दिसली तरी शोध कधीकधी लागतो. मध्ये विरामचिन्ह आलं की तुटतो, म्हणून यावर विसंबू नका. स्कॅन केलेल्या कागदात तर अक्षरच नसतं, फोटो असतो.

तेव्हा नावंच नीट द्या: 'हळद_पट्टी_२०२५-०३-१४_कवठे'. आधार नंबर किंवा मोबाइल नंबर नावात घालू नका. नाव तर सगळ्यांनाच दिसतं.